सार्वजनिक मंडळाची वर्गणी, जाहिराती, फंडपेटी आणि सोडत: कुठल्या पैशावर कर लागतो?

खजिनदार_फोंडा

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातलं वाड्यावरचं सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ. जून 2025 मध्ये सोसायटी नोंदणी कायदा 1860 खाली नोंदणी झाली, मंडळाच्या नावाने पॅन आणि बँक खातं आहे. 12ए (संस्थेला आयकरमाफी देणारी नोंदणी), 80जी (देणगीदाराला करवजावट देणारी नोंदणी) यातलं काहीच अजून केलेलं नाही. ह्या चवथीचा जमाखर्च असा:

घरोघरच्या पावत्यांची वर्गणी 3,40,000
मंडपातली फंडपेटी 1,60,000
स्मरणिकेच्या जाहिराती 2,10,000
एका कंपनीचा प्रायोजक फलक 60,000
फेरीतल्या (जत्रेतल्या) स्टॉलांचं भाडं 80,000
एकूण जमा 8,50,000, खर्च 7,10,000, शिल्लक 1,40,000.

खर्चात सगळ्यात मोठी रक्कम मंडप-रोषणाईची, 2,20,000, एकाच माणसाला दिलेली. टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापलेला नाही.

प्रश्न असे. एक, शिल्लक दीड लाखाच्या आत आहे, मग आयकराचं काही करायला हवं का? दोन, जाहिरातींवर जीएसटी लागतो का? तीन, कंपनीने 60,000 ठरवून खात्यावर 58,800 च जमा केले, बाकीचे 1,200 कुठे गेले? चार, फेब्रुवारीत नाट्यमहोत्सव आहे, तिकीट 200 रुपये, आणि त्याच्याच जोडीला सोडत काढायची आहे, पहिलं बक्षीस स्कूटर. पाच, शिगमो (शिमगा) पथकाची मुलं म्हणतात की पथकाचा क्यूआर वेगळा हवा, तो एका मुलाच्या स्वतःच्या खात्यावर काढू. चालेल का?

---

हिशेबनीस_पणजी

पाचवा प्रश्न आधी, कारण त्याचं उत्तर एका शब्दात आहे: नको. मुलाच्या खात्यावर आलेले पैसे आयकर खात्याच्या नजरेत मुलाचे. वर्षभरात 50,000 च्या वर विनामोबदला रक्कम आली की ती कलम 56(2)(एक्स) खाली त्याचं उत्पन्न धरता येते. "हे पथकाचे पैसे" असं म्हटलं तर ते शाबीत करण्याचं ओझंही त्याच्यावरच. स्रोत पटवून देता आला नाही तर दर साध्या स्लॅबचा राहत नाही, अधिभार आणि उपकर धरून तो 78 टक्क्यांपर्यंत जातो. मंडळाच्या खात्यावर दुसरा क्यूआर बँक देते. एक "उत्सव", एक "शिगमो", दोन्ही एकाच खात्याला जोडलेले. बँकेच्या खातेउताऱ्यात दोन्ही वेगळे दिसतात, मुलांचं काम होतं.

आता पहिला प्रश्न. "शिल्लक कमी म्हणजे कर नाही" ही समजूत गोव्यातल्या निम्म्या मंडळांची आहे आणि ती अर्धीच खरी. सार्वजनिक हेतूच्या संस्थेला मिळालेली ऐच्छिक देणगी कायद्याने उत्पन्नच आहे. 12एबी (जुन्या 12ए च्या जागी आलेलं कलम) खाली नोंदणी असेल तर ते उत्पन्न हेतूसाठी खर्च केलं म्हणून माफ होतं. नोंदणी नसेल तर माफी नाही, आणि खर्च वजा मिळावा म्हणून भांडावं लागतं. तुमचेच आकडे घ्या. खर्च मान्य झाला तर उत्पन्न 1,40,000, कर शून्य. अधिकाऱ्याने खर्च अमान्य करून पूर्ण 8,50,000 धरले तर 2025-26 च्या नव्या प्रणालीत पहिले 4 लाख मोकळे, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्के म्हणजे 20,000, वरच्या 50,000 वर 10 टक्के म्हणजे 5,000, त्यावर 4 टक्के उपकर: 26,000 रुपये. 12 लाखांपर्यंत कर नाही असं जे ऐकता ती 87ए ची सूट व्यक्तीला आहे, मंडळाला नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही वेळेवर केलीत. नोंदणी नसलेल्या मंडळात सभासदांचे हिस्से ठरलेले नसतात, आणि अशा गटाला कलम 167बी मुळे वरचा दर लावता येतो. 1860 च्या कायद्याखालची सोसायटी त्या कलमातून वगळलेली आहे.

तर करायचं काय: 31 मार्च 2026 च्या आत फॉर्म 10एबी भरून 12एबी ची नोंदणी मागा. काम आधीच सुरू झालेलं आहे आणि कलम 11 ची माफी कधी घेतलेली नाही, म्हणून थेट नियमित नोंदणी मागता येते, तीन वर्षांच्या तात्पुरत्या नोंदणीतून जावं लागत नाही. ज्या आर्थिक वर्षात अर्ज, त्याच्या पुढच्या आकारणी वर्षापासून (म्हणजे त्याच आर्थिक वर्षाच्या उत्पन्नापासून) माफी. म्हणजे मार्च संपायच्या आत अर्ज गेला तर हीच चवथ त्यात येते. एप्रिलमध्ये गेला तर हे वर्ष बाहेर. लहान संस्थांना, म्हणजे आधीच्या दोन्ही वर्षांत माफीपूर्वीचं उत्पन्न 5 कोटींच्या आत असलेल्यांना, आता नूतनीकरणात 5 ऐवजी 10 वर्षांची नोंदणी मिळते, ह्या थेट पहिल्या नोंदणीला मात्र 5 च.

गोव्यातले अर्ज आयकर आयुक्त (सूट), बंगळूर यांच्याकडे जातात. सुनावणी बहुतेक ऑनलाइनच असते, पण नोटीस पोर्टलवर आणि नोंदवलेल्या ईमेलवर येते. तो ईमेल मंडळाचा ठेवा, सचिवाचा खाजगी नको. सचिव बदलला, ईमेल कोणी उघडला नाही, उत्तर गेलं नाही, अर्ज फेटाळला: अर्ज पडण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. बाकी कागद म्हणजे नोंदणी दाखला, घटना आणि नियमावली, पॅन, आजवरचे हिशेब आणि कामाची टिप्पणी. टिप्पणीत "सामाजिक कार्य" असं मोघम लिहू नका. रक्तदान कधी, कुठे, किती बाटल्या, खर्च किती, फोटो आणि बिल. अधिकारी तेच मागतो.

---

मडगाव_जीएसटी

जीएसटीचं मी लिहितो.

सेवा देणाऱ्याची नोंदणी मर्यादा गोव्यात वर्षाला 20 लाख. तुमच्या जाहिराती, फलक आणि स्टॉल मिळून 3,50,000. तिकिटांचे पैसे धरले तरी तुम्ही कुठल्याकुठे आत आहात. नोंदणीची गरज नाही. वर्गणी आणि फंडपेटी ह्या मर्यादेत मोजायचीच नाही, कारण बदल्यात काही न देता घेतलेली देणगी ही जीएसटीच्या अर्थाने पुरवठाच नव्हे. उलट, करमाफ सेवा मात्र मर्यादा मोजताना धरतात. लोक हे नेमकं उलटं करतात: देणगी धरतात आणि माफ तिकिटं सोडतात.

नोंदणी नसताना जाहिरातीच्या पावतीवर "18 टक्के जीएसटीसह" असं काही छापू नका. कराच्या नावाने घेतलेला पैसा सरकारजमा करावाच लागतो, वर दंड.

देणगी कुठली आणि जाहिरात कुठली यावर 2019 च्या ऑक्टोबरमध्ये निघालेलं परिपत्रक 116 सरळ आहे. देणारा धंद्याच्या फायद्यासाठी देत नसेल, आणि नाव फक्त कृतज्ञता म्हणून लावलं असेल, तर जीएसटी नाही. मंडपातल्या पंख्यावर "कै. वडिलांच्या स्मरणार्थ अमुक कुटुंबाकडून" ही देणगी. त्याच पंख्याखाली दुकानाचं नाव, मोबाइल क्रमांक आणि "चवथीनिमित्त 10 टक्के सूट" ही जाहिरात. फरक फलकावरच्या मजकुराचा आहे, पावतीवर काय लिहिलं त्याचा नाही.

कंपनीच्या 60,000 चं: हे प्रायोजकत्व. प्रायोजकत्वाची सेवा देणारी, म्हणजे फलक लावणारी, संस्था सोसायटी किंवा ट्रस्ट असेल आणि ती घेणारी, म्हणजे पैसे भरणारी, कंपनी किंवा भागीदारी असेल तर जीएसटी कंपनीनेच उलट आकारणीने भरायचा. जानेवारी 2025 मध्ये नियम बदलला तो ही सेवा देणारा स्वतः कंपनी असेल त्यांच्यापुरता. तुम्ही सोसायटी आहात, म्हणून 18 टक्क्यांचे 10,800 त्यांचे ते भरतील. तुमच्याकडे मागायला आले तर हे दाखवा.

नाटकाचं तिकीट: नाटक, संगीत, नृत्य यांच्या प्रवेशाला माणशी 500 पर्यंत माफी आहे. 200 ला काही नाही. पण सात नाटकांचा एकच 700 चा मोसमी पास छापाल तर 500 ची मर्यादा कशावर लावायची हा वाद उभा राहतो. तुमच्या उलाढालीत तो कोणी उकरून काढणार नाही, तरी पासावर प्रत्येक प्रयोगाचे 100 असं वेगळं छापलेलं बरं.

---

हिशेबनीस_पणजी

वरच्याला जोडून, 1,200 चं कोडं. 60,000 चे 2 टक्के म्हणजे 1,200. कंपनीने जाहिरातीचं कंत्राट धरून कलम 194सी खाली टीडीएस कापला. एकरकमी 30,000 च्या वर किंवा वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की त्यांना कापावाच लागतो. पैसे गेले कुठेच नाहीत. मंडळाच्या पॅनवर पोर्टलमध्ये 26एएस (पॅनवर कापलेल्या कराची यादी) उघडा, कंपनीचं नाव आणि 1,200 दिसतील. कंपनी तिमाही विवरणपत्र भरेपर्यंत दिसत नाही, म्हणून लगेच घाबरू नका. मंडळाने आपलं आयकर विवरणपत्र भरलं की परतावा. पण त्याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: तुम्ही काही भरलं नाहीत तरी मंडळाला धंद्याची आवक झाली ही नोंद सरकारकडे पोचलेली आहे. आणि जमाखर्चात 58,800 लिहू नका. जमा 60,000, येणे टीडीएस 1,200.

आता तुमच्या मंडपवाल्याचं. इथे बाजू उलटी. नोंदणीकृत सोसायटी झालात त्या दिवसापासून 194सी खाली कापणं तुम्हालाही बंधनकारक आहे. नोंदणी नसलेल्या गटाला हे फक्त उलाढाल फार मोठी असेल तरच लागतं, म्हणून जुन्या खजिनदारांना याची सवय नाही. एकट्या माणसाला 1 टक्का: 2,20,000 चे 2,200. न कापल्याची शिक्षा दोन ठिकाणी बसते. एकीकडे व्याज, महिन्याला 1 टक्का. दुसरीकडे, 12एबी ची नोंदणी मिळाली तरी त्या खर्चाचे 30 टक्के, म्हणजे 66,000, हेतूसाठी केलेला खर्च म्हणून धरले जात नाहीत. 2,200 रुपयांपायी 66,000 बाद. वाट आहे: मंडपवाल्याने आपल्या विवरणपत्रात ही रक्कम दाखवून कर भरला असेल तर सीएच्या दाखल्यासह फॉर्म 26ए घ्या, मग फक्त व्याज उरतं. टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) नसेल तर आजच फॉर्म 49बी भरा, सोडतीसाठीही लागणारच आहे.

जाता जाता: मंडपवाला कार्यकारिणीतलाच किंवा त्याचा भाऊ असेल तर दोन बाहेरची दरपत्रकं फाइलला लावा. जवळच्या माणसाला बाजारभावापेक्षा जास्त दिलं असं दिसलं तर कलम 13 आडवं येतं. तसंच एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिलेला खर्च धरला जात नाही. महाप्रसादाचा आचारी, मूर्तिकार, साउंडवाला, तिघेही रोखच मागतात. यूपीआय करा.

---

डिचोली_देवस्थान

वरच्या मंडळींनी 12एबी बिनधास्त सुचवलं, पण मुख्य काट्याला कुणी हात लावला नाही. घटनेत हेतू काय लिहिलाय?

"गणेशोत्सव साजरा करणे" एवढाच असेल तर तो धार्मिक हेतू. 12एबी मिळू शकते, उत्सव सगळ्यांना खुला असेल तर. पण 80जी जवळजवळ नाहीच, कारण तिथे धार्मिक कामावरचा खर्च उत्पन्नाच्या 5 टक्क्यांच्या आत असावा लागतो. "सांस्कृतिक, क्रीडा आणि समाजोपयोगी उपक्रम" असं लिहिलं असेल तर तुम्ही "सार्वजनिक उपयोगिता" ह्या वर्गात जाता, आणि तिथे दुसरा सापळा आहे: धंद्याच्या स्वरूपाची आवक एकूण जमेच्या 20 टक्क्यांच्या वर गेली की त्या वर्षाची माफी जाते. तुमचं गणित करा. जाहिराती, फलक, स्टॉल मिळून 3,50,000. एकूण 8,50,000 चे 20 टक्के 1,70,000. तुम्ही 41 टक्क्यांवर आहात! अहमदाबाद नगरविकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 19 ऑक्टोबर 2022 रोजी ही मर्यादा कडक करून ठेवली आहे.

धार्मिक वर्गात ही 20 टक्क्यांची अट नाही. तिथे धंद्याची आवक हेतूला पूरक असावी आणि तिचे हिशेब वेगळे ठेवावेत एवढंच. म्हणून माझं मत: उत्सव हा मुख्य हेतू असलेल्या मंडळाने 80जी च्या मागे लागू नये, धार्मिक म्हणूनच 12एबी घ्यावी. तसाही नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला 80जी ची वजावट मिळतच नाही. दुकानदाराला तर जाहिरातीचं बिल जास्त सोयीचं, धंद्याचा खर्च म्हणून पूर्ण रक्कम वजा, प्रणाली कुठलीही असो.

दुसरा फायदा फंडपेटीत. नाव-पत्ता नसलेल्या देणगीवर कलम 115बीबीसी खाली 30 टक्के कर आहे, पण निव्वळ धार्मिक संस्थेला तो लागत नाही. समाजोपयोगी संस्था म्हणून गेलात तर तुमचा हिशेब असा: एकूण देणग्या 5,00,000, त्याचे 5 टक्के 25,000, किंवा 1 लाख, यातलं मोठं मोकळं. पेटीतले 1,60,000 वजा 1,00,000 म्हणजे 60,000 वर 30 टक्के, 18,000, उपकरासह 18,720. पेटी उघडताना तिघांच्या सह्यांचा पंचनामा, नोटांची वर्गवारी लिहून, आणि दुसऱ्या दिवशी तीच रक्कम बँकेत. पेटीतले पैसे परस्पर फुलवाल्याला देऊन उरलेले भरलेत तर पंचनाम्याचा काही उपयोग नाही.

मंडप देवस्थानाच्या आवारात असेल तर पेट्या वेगळ्या आणि नावं ठळक. महाजनी देवस्थानांचा कारभार 1933 च्या देवस्थान कायद्याखाली चालतो, वर मामलेदार असतो, पॅन वेगळा. एकाचा पैसा दुसऱ्याच्या वहीत गेला की दोघांचीही पंचाईत.

आणि महाराष्ट्रातून फिरत येणारे संदेश वाचून धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीची धावपळ करू नका. तो 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा गोव्याला लागू नाही, इथे धर्मादाय आयुक्तच नाहीत. आपल्याकडे सोसायटी निबंधकाकडे सर्वसाधारण सभेनंतर 14 दिवसांत नव्या कार्यकारिणीची यादी द्यायची असते, ती मात्र बहुतेक मंडळं विसरतात, आणि मग बँकेत सहीचा अधिकार बदलताना अडतात.

---

हिशेबनीस_पणजी

20 टक्क्यांचा मुद्दा बरोबर, मान्य. पण "धार्मिक म्हणूनच जा" हे सरसकट सांगू नये. मंडळ वर्षभर क्रीडा स्पर्धा, वाचनालय, शिष्यवृत्ती चालवत असेल तर त्यासाठी वेगळी सोसायटी काढून तिला 12एबी आणि 80जी घेणं योग्य. उत्सवाची वेगळी.

---

डिचोली_देवस्थान

आठ लाखांच्या मंडळाने दोन सोसायट्या म्हणजे दोन ऑडिट, दोन विवरणपत्रं, दोन वार्षिक सभा, आणि खजिनदार तोच. दोन वर्षांत एक तरी बंद पडते. त्यापेक्षा रक्तदान आणि शिष्यवृत्ती आहे त्याच मंडळातून करा, 80जी ची पावती देऊ नका. कंपनीचा मोठा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी दारात उभा असेल तर गोष्ट वेगळी.

---

खजिनदार_फोंडा

देव बरें करूं सगळ्यांचं. घटनेत दोन्ही हेतू आहेत, आधी उत्सव, मग "सांस्कृतिक व सामाजिक उपक्रम". आता सोडतीचं सांगा. कुपन 100 रुपये, स्कूटर 1,05,000 ची, दुसरं बक्षीस 9,500 चा मोबाइल. कुपनवर "देणगी मूल्य" छापलं तर चालतं असं एका मंडळाने सांगितलं. आणि एक विसरलो: वाड्यावरचे तिघे-चौघे पोर्तुगालला आणि लंडनला असतात, चवथीला घरी येतात, मोठी वर्गणी देतात. त्यात काही आहे का?

---

टीडीएस_म्हापसा

"देणगी मूल्य" छापून काही होत नाही. पैसे देऊन नशिबाने बक्षीस म्हणजे लॉटरी, नाव काही ठेवा. राज्य सरकारच्या परवानगीशिवाय लॉटरी चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली गुन्हा आहे, म्हणून कुपनं छापखान्यात द्यायच्या आधी लेखी परवानगी हातात हवी. लॉटरीच्या तिकिटाला जीएसटीतही माफी नाही. आणि सोडतीचा पैसा वहीत देणगीच्या खात्यावर टाकू नका, वेगळं खातं.

स्कूटरचं: बक्षीस 10,000 च्या वर असेल तर कलम 194बी, 30 टक्के. वस्तूच्या रूपात असलं की कापायला पैसेच नसतात, म्हणून कायदा सांगतो की कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. दोन मार्ग. विजेत्याने 1,05,000 चे 30 टक्के, म्हणजे 31,500, मंडळाकडे भरायचे, मंडळाने चलन 281 ने सरकारात, मग किल्ली. किंवा कर मंडळ सोसतं. तेव्हा सोसलेला करही बक्षिसाचाच भाग होतो: 1,05,000 भागिले 0.70 म्हणजे 1,50,000, त्यावर 45,000. म्हणजे स्कूटर तुम्हाला दीड लाखाला पडते. हे कुपनाची किंमत ठरवतानाच धरा.

नेहमीचा गोंधळ असा: रंगमंचावर टाळ्यांच्या गजरात किल्ली देऊन मोकळे होतात आणि मग 31,500 मागायला विजेत्याच्या घरी जातात. तो कशाला देईल? कुपनाच्या मागे छापा: "10,000 रुपयांवरील बक्षिसावरचा कर विजेत्याने भरल्यावर आणि पॅन दिल्यावरच बक्षीस मिळेल." रंगमंचावर पुठ्ठ्याची किल्ली द्या, खरी नंतर.

मोबाइल 9,500 चा, तिथे कापायचं नाही. किंमत खरेदीच्या बिलाप्रमाणे धरा, दुकानदाराने सवलत दिली असेल तरी बिल जपून ठेवा.

चलन पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत, मार्चचं 30 एप्रिलपर्यंत. मग तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र, 26क्यू: फेब्रुवारीची सोडत चौथ्या तिमाहीत येते, मुदत 31 मे. उशिराला दिवसाला 200 रुपये, कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत. त्यानंतर विजेत्याला फॉर्म 16ए.

---

डिचोली_देवस्थान

पोर्तुगालवाल्यांचं मी सांगतो, कारण गोव्यात हा प्रश्न दर वाड्यावर आहे आणि बाहेरच्या सीएंच्या लक्षातही येत नाही.

माणूस कुठे राहतो हे बघायचं नाही, पासपोर्ट कुठला ते बघायचं. भारतीय पासपोर्टवर आखातात किंवा लंडनमध्ये नोकरी करणारा आपल्या कमाईतून बँकेमार्फत देतो, ती परदेशी देणगी नव्हे. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की तो परदेशी नागरिक, ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरीही, आणि त्याची देणगी एफसीआरए 2010 (परदेशी देणगी नियमन कायदा) खाली परदेशी देणगी. रुपयांत दिली, फोंड्यात घरी बसून दिली, जीपेने दिली, काही फरक पडत नाही. एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेताच येत नाही.

नोंदणी तुम्हाला आत्ता मिळणारही नाही: संस्था तीन वर्षं जुनी हवी, त्या तीन वर्षांत हेतूवर किमान 15 लाख खर्च झालेला हवा, आणि पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात उतरवावा लागतो. त्यामुळे वर्गणी घ्यायला जाणाऱ्या मुलांना सांगून ठेवा की पावतीवर "भारतीय नागरिक: होय / नाही" असा रकाना आहे, तो भरून घ्यायचा. त्यांचे भारतीय पासपोर्टवाले आईवडील किंवा भाऊ स्वतःच्या पैशातून देत असतील तर अडचण नाही. मुलाने पाठवले आणि वडिलांच्या नावावर पावती फाडली, ही मात्र पळवाट आहे, बँकेच्या नोंदीत उघडी पडते.

---

मडगाव_जीएसटी

पावतीचा विषय निघालाच आहे तर पुस्तक छापतानाच एवढं करून घ्या. देणगी, जाहिरात, स्टॉल भाडं यांची तीन वेगळी पुस्तकं, तीन रंगांची, अनुक्रमांक छापील, स्थळप्रत कार्बनची. देणगीच्या पावतीवर नाव, पूर्ण पत्ता, रोख की बँकेतून, आणि पॅन किंवा आधार. नुसतं "श्री. नाईक, 501" ही पावती फोंड्यात निनावीच झाली. रोख एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच उत्सवापोटी तुकड्यातुकड्यांनीही, 2 लाख किंवा त्याहून जास्त घ्यायची नाही, दंड तेवढ्याच रकमेचा. वाया गेलेल्या पावत्या फाडून टाकू नका, "रद्द" लिहून पुस्तकातच ठेवा. मुलांकडे दिलेली पुस्तकं वहीत सही घेऊन द्या आणि परत आल्यावर क्रमांक जुळवा, न आलेलं एक पुस्तक ऑडिटरला पुरतं.

---

हिशेबनीस_पणजी

तारखा राहिल्या. 12एबी मिळाली की 2025-26 साठी माफीपूर्व उत्पन्न अडीच लाखांच्या वर म्हणून ऑडिट. नव्या प्रणालीत 4 लाखांची मर्यादा धरावी असंही काही म्हणतात, तुम्ही साडेआठ लाखांवर आहात, वाद तुम्हाला लागू नाही. अहवाल फॉर्म 10बीबी मध्ये 30 सप्टेंबर 2026 पर्यंत, आयटीआर-7 31 ऑक्टोबरपर्यंत. अहवाल उशिरा गेला तर माफी धोक्यात येते, म्हणून चवथीच्या गडबडीत सीएकडे जायचं ठेवू नका. 2026 ची चवथ 14 सप्टेंबरला आहे, मध्ये जेमतेम पंधरवडा. अर्ज राहूनच गेला तर आयटीआर-5, आणि खर्चाची बिलं दुप्पट काळजीने.

जुनी 12ए असलेल्या इथल्या इतर मंडळांसाठी: 2021 मध्ये पाच वर्षांची नोंदणी घेतलेल्यांची मुदत 31 मार्च 2026 ला संपते आणि नूतनीकरणाचा अर्ज 30 सप्टेंबर 2025 पर्यंत द्यायचा होता. राहिला असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार आता आयुक्तांना आहे, कारण लिहून लगेच अर्ज करा. सोडून दिलंत तर कलम 115टीडी: संस्थेच्या निव्वळ मालमत्तेच्या बाजारभावावर सर्वोच्च दराने कर. सभागृह किंवा जमीन असलेल्या संस्थेला हा फार महाग पडतो.

---

टीडीएस_म्हापसा

पावतीपुस्तकावर कलमांचे क्रमांक छापू नका. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू होतोय आणि क्रमांक बदलताहेत, संस्थांची नोंदणी कलम 332 मध्ये जाते, 80जी ची जागा कलम 133 घेतं. ह्या चवथीचा हिशेब मात्र जुन्या कायद्यानेच होणार, विवरणपत्र पुढच्या वर्षी भरलं तरी. छापखान्याला फक्त मंडळाचं नाव, सोसायटी नोंदणी क्रमांक, पॅन आणि पत्ता द्या, आयकर नोंदणी क्रमांकासाठी एक मोकळी ओळ ठेवा. तो आला की रबरी शिक्का मारता येतो.